फुकटचं सूर्यघड्याळ

मी घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर घेतला की खोक्याच्या तळाशी एक चोपडं असतं ना, ज्याच्यावर लोक पहिल्याच दिवशी गरम पातेलं ठेवतात, ते मी लिहिलेलं असतं. 'वापरण्यापूर्वी सर्व सूचना संपूर्ण वाचा' हे माझं सगळ्यात जास्त छापलं गेलेलं वाक्य. वाचक मात्र मला आजवर एकच भेटलाय, तो म्हणजे आमची चिमटी. वय वर्षं नऊ. ती शांपूच्या बाटलीची मागची बाजूसुद्धा शेवटपर्यंत वाचते आणि विचारते, "बाबा, डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा म्हणे. भरपूर म्हणजे किती?"

असे चिमटे काढत राहते म्हणून तिचं नाव चिमटी पडलं. शाळेत या सवयीपायी ती बऱ्याचदा वर्गाबाहेर उभी असायची. ते एक वेळ चाललं असतं. पण हळूहळू ती घरीसुद्धा काही विचारेनाशी झाली. जेवायची, दप्तर भरायची, झोपायची. तेव्हा आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं. भाषा आणि गणित बायकोकडे गेलं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे समोरच्याला तोंड उघडायला लावण्याची तिला सवय आहे. विज्ञान माझ्याकडे आलं, कारण जेवताना मी बोलून गेलो, "विज्ञानाचं काय एवढं? इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं." उचलली जीभ, लावली टाळ्याला! आमच्या घरात जो बोलेल त्याने करायचं असा नियम आहे. तो फक्त मला लागू आहे.

पण खरं सांगतो, मी काही खोटं बोललो नव्हतो. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी इंटरनेटवर विज्ञानाचा नुसता पूर आलाय. चित्रफिती, तक्ते, कोडी, प्रयोग, ग्रहांचे मुखवटे, बेडकाच्या पोटाचा कापून चिकटवायचा नकाशा, आणि सगळं मोफत! मोफत म्हटलं की माझ्यासारख्या सरळमार्गी माणसाचाही तोल जातो. मी उतरवून घेत सुटलो. कॉम्प्युटरवर 'विज्ञान' नावाचा कप्पा केला. तो भरला तेव्हा 'विज्ञान नवीन' केला, मग 'विज्ञान अगदी नवीन', आणि शेवटी 'विज्ञान, हेच बघ'. प्रयोग एकही केला नव्हता, पण साठा असा होता की पुढच्या दोन पिढ्या घरी बसून शास्त्रज्ञ झाल्या असत्या.

प्रयोग न करण्याला कारणंही होती. 'घरात सहज सापडणाऱ्या वस्तू' असं लिहून खाली तांब्याची तार, भिंग, रबरी बूच आणि कोरडा बर्फ. कुणाच्या घरात हो सापडतो कोरडा बर्फ? आमच्या घरात साधी कात्री सापडत नाही. शिवाय या मोफत साइट्सना एक खोड असते. काही उघडायला जावं तर मध्येच एक खिडकी टपकन उगवते. तुमचं नाव काय, ईमेल काय, मुलं किती, आमची बातमीपत्रं रोज पाठवू का? सुरुवातीला मी सभ्यपणे उत्तरं देत होतो. मग रोज सकाळी मला पेंग्विनांविषयी पत्रं यायला लागली. तेव्हापासून खिडकी उगवली रे उगवली की वरच्या कोपऱ्यातली फुली दाबून ती बंद करायची, हे माझ्या बोटालाच कळायला लागलं. डोकं मध्ये पडत नसे.

"बाबा, त्यात काय लिहिलं होतं?" चिमटी मागून विचारायची.

"काही नसतं गं त्यात."

"वाचल्याशिवाय कसं कळलं?"

"अनुभवाने," मी म्हणायचो.

असं सगळं सुखाने चाललं असताना शिक्षण कार्यालयातून फोन आला. घरी शिकणाऱ्या मुलांची पाहणी होती. विषय विज्ञान. एक अधिकारी बाई घरी येणार आणि मुलीने स्वतः केलेला एक प्रयोग बघणार. त्यांचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या सत्रापासून चिमटीने परत शाळेत जायचं.

चिमटी तेव्हा मिक्सरची पुस्तिका वाचत होती. तिने मान वर केली आणि फोन ठेवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. "परत त्याच शाळेत?" एवढंच विचारलं तिने.

"छे! बाबा आहे ना," मी म्हणालो. बायकोने दीर्घ श्वास घेतला. आमच्या लग्नानंतर तिचे श्वास बरेच दीर्घ झाले आहेत.

त्या दिवशी मी 'विज्ञान, हेच बघ' उघडून बसलो आणि मला सूर्यघड्याळ सापडलं. कोरडा बर्फ नाही, बूच नाही. साइटवरून तबकडीचा कागद छापायचा, फळीवर चिकटवायचा, मधोमध एक तिरका त्रिकोण उभा करायचा आणि उन्हात ठेवायचं. त्रिकोणाची सावली वेळ दाखवणार! सूर्यही फुकट, कागदही फुकट. मी 'छापा' दाबलं, मध्ये एक खिडकी उगवली, बोटाने ती बंद केली आणि प्रिंटर घरघरायला लागला.

"अहो, प्रयोग मुलीने करायचाय," बायको म्हणाली.

"तीच करणार आहे. डिंक ती लावेल."

प्रिंटरने पहिल्यांदा अर्धी तबकडी छापली, दुसऱ्यांदा उरलेली अर्धी, पण वेगळ्या मापात. तिसऱ्यांदा ती पूर्ण आली. बिघडलेल्या प्रती मी चुरगळत होतो, तर चिमटीने त्या मागून घेतल्या. शिवाय एक चांगली प्रतही छापून घेतली. म्हटलं, घे बाई, काढ चित्रं.

आता ऊन म्हणजे गच्ची, आणि गच्ची म्हणजे सेक्रेटरी. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी भले माणूस आहेत, पण कुठल्याही गोष्टीला चटकन 'हो' म्हटलं तर पद जाईल अशी त्यांना भीती वाटते. "घड्याळ बसवणं हे बांधकामात मोडतं का, सामानात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सामानात. "मग गच्चीवर सामान ठेवायला मनाई आहे." बरं, बांधकामात. "मग नकाशा लागेल." मी त्यांना तबकडीचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "गजर वाजणार का याचा? नाही, वरच्या मजल्यावर तक्रारी येतात."

शेवटी 'तात्पुरती शैक्षणिक वस्तू' या नावाखाली परवानगी मिळाली. अट एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींना धक्का लागता कामा नये. काकू सगळ्या इमारतीच्या काकू आहेत आणि त्यांच्या चादरी सगळ्या गच्चीवर असतात.

मांडणीचा दिवस मी जरा थाटात साजरा केला, हे मान्य करतो. सेक्रेटरी आले. काकू आल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. ते आयुष्यभर रस्ते बांधत होते, त्यामुळे त्यांना जगातला प्रत्येक दोष उतारात दिसतो. साइटवर लिहिलं होतं की भर दुपारी बारा वाजता सावली बरोबर बाराच्या रेघेवर येईपर्यंत फळी फिरवा. ही सूचना मी वाचली होती, नोंद असावी. मोबाइलमध्ये बारा वाजले, मी फळी फिरवली, सावली बाराच्या रेघेवर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन शब्द बोललो. सूर्य, मानव, काळ वगैरे. काकू म्हणाल्या, "किती हो हुशार तुम्ही, आणि दिसत नाही." मग आम्ही सगळे जेवायला खाली गेलो.

चार वाजता सेक्रेटरींनी दाराची बेल वाजवली.

"तुमचं घड्याळ आठ दाखवतंय," ते म्हणाले. "सकाळचे की रात्रीचे, ते तेवढं सांगा."

मी धावत वर गेलो. सावली खरंच आठवर होती. बघता बघता ती साडेसातकडे सरकायला लागली. म्हणजे घड्याळ चुकत होतं असं नाही, ते उलटं चाललं होतं! जसजसा दिवस पुढे जाई तसतसं ते मागे जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यात तीन वाजले होते, अकराला एक, आणि बाराला पुन्हा अगदी शहाण्यासारखे बारा.

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. इंजिनिअरांनी सपाटी मोजायची पाणसळ आणली आणि गच्चीला उतार असल्याचं जाहीर केलं. त्यांनी फळीखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या. घड्याळ डुगडुगायला लागलं, पण चाललं उलटंच. बायको जिन्यातूनच म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." काकूंचं मत पडलं की घड्याळाला ऊन कमी पडतंय, ते टाकीजवळ ठेवा. टाकीजवळ ठेवलं. तिथेही उलटं. सेक्रेटरी म्हणाले, "फुकटची वस्तू आहे, दुसरं काय होणार! विकत घेतली असती तर बदलून तरी मिळाली असती." इमारतीतले लोक आता जिन्यात भेटले की मला वेळ विचारायचे, आणि मी सांगितली की "म्हणजे खरे किती?" असं पुढे विचारायचे. पडलो तरी नाक वर, या न्यायाने मी नाक वर ठेवून हिंडत होतो, पण नाकालाही मर्यादा असतात.

चिमटी मात्र दिवसभर गच्चीवर असायची. "बाबा, नऊ वाजता तीन का?"

"सूर्याची वेळ आणि आपली वेळ यात थोडा फरक असतो."

"सहा तासांचा?"

"ते पुढच्या इयत्तेत आहे."

"मग बारा वाजता फरक कुठे जातो?"

मी त्या वेळी खाली वाकून पुठ्ठ्याची घडी नीट करत होतो. पाठीत उसण भरली होती, डोक्यावर ऊन होतं आणि मागे काकू हसत होत्या. मी ओरडलो, "किती प्रश्न विचारशील? जरा गप्प बस ना!"

ती गप्प बसली. संध्याकाळीही गप्प. जेवताना भात मऊ का, पोळी का फुगते, चमचा का वाजतो, काहीच नाही. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट बाजूला सारलं. हे गप्प बसणं आम्ही दोघांनी आधी पाहिलं होतं. शाळा तिला जे करत होती ते मी घरात, मोफत, करून दाखवलं होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

पण पाहणी तर डोक्यावर आली होती. मी एक युक्ती काढली. घड्याळ दिवसातून एकदा बरोबर असतं ना? मग बाईंना त्याच वेळी बोलवायचं! मी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांना म्हटलं, पाहणीसाठी बाराची वेळ हवी.

"वेळ मागता येत नाही. मिळते."

"तरी बघा ना. बाराच हवेत. अकरा नको आणि एकही नको."

"बाराच का?"

"सूर्य डोक्यावर असतो."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि बारा लिहून दिले. योजना साधी होती. बाराच्या ठोक्याला बाई वर, सावली रेघेवर, सव्वाबाराच्या आत त्यांना खाली आणून चहा. खुर्चीवर बसवायचं ते खिडकीकडे पाठ करून, म्हणजे सूर्याची आठवणच नको.

पाहणीच्या दिवशी बाराला मी गच्चीवर इस्त्रीच्या शर्टात उभा होतो. सावली रेघेवर आली, बाई आल्या नाहीत. सावली रेघेवरून उतरली. एक वाजला, घड्याळात अकरा वाजले. दोन वाजले, घड्याळात दहा. मी प्रार्थना केली की ढग येऊ देत. आकाश असं निरभ्र की धुऊन ठेवल्यासारखं.

बरोबर तीन वाजता बाई धापा टाकत गच्चीवर पोचल्या. ठेंगण्या, चष्म्याच्या, हातात भलीमोठी पिशवी. "माफ करा हं. आधीच्या घरी ज्वालामुखीचा प्रयोग होता," त्या म्हणाल्या. "त्यात भिजलेले पडदे उतरवेपर्यंत थांबावं लागलं. बरं, कुठे आहे प्रयोग?"

सेक्रेटरी, इंजिनिअर आणि काकू आपापली कामं असल्याचं दाखवत आधीच येऊन उभे राहिले होते. मी चटकन पुढे सरकून माझीच सावली घड्याळावर पाडली.

"आपण जरा बाजूला होता का?" बाई म्हणाल्या.

मी झालो. त्यांनी घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं, परत हे पाहिलं. "हे नऊ दाखवतंय."

"सूर्याची वेळ आणि आपली वेळ यात थोडा फरक..."

"सहा तासांचा?"

काकू खोकल्या. बाई चिमटीकडे वळल्या. "बाळ, प्रयोग तुझा ना? तू सांग, असं का होतंय?"

चिमटीने माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून घेतले. मला सांभाळून घेत होती ती पोर! तिला काहीतरी माहीत आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ती शाळेत परत जाईल, पण बापाला उघडं पाडणार नाही, हेही दिसत होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सूचना लिहिल्या, पण आता जे बोललो ते वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं.

"चिमटे, बोल गं," मी म्हणालो. "मला माहीत नाही. पहिल्या दिवसापासून माहीत नाही. उत्तर येत नव्हतं म्हणून तुला गप्प बस म्हणालो. चुकलं माझं."

"खरंच बोलू?"

"हवं तेवढं बोल."

मग बांध फुटला. तिने काकूंची एक चादर बाजूला सारली. खाली फरशीवर खडूच्या खुणाच खुणा होत्या. "मॅडम, आधी इंजिनिअर आजोबा म्हणाले की उतार आहे. म्हणून मी कुंडीत काठी रोवून तीन ठिकाणी ठेवली. तिन्हीकडे सावली एकाच बाजूने फिरते. मग उतार नाही. काकू म्हणाल्या ऊन कमी आहे, पण टाकीजवळ पण तेच. मग मी बघितलं की सावली या बाजूकडून त्या बाजूला जाते आणि बाबाच्या घड्याळावरचे आकडे त्या बाजूकडून या बाजूला. म्हणून बारा बरोबर येतात. मधले आहेत ना!"

इंजिनिअर आजोबांनी पाणसळ खिशात घातली.

मग चिमटीने ती जास्तीची छापून घेतलेली चांगली प्रत बाहेर काढली. तिने कागद खिडकीच्या काचेला उलटा लावून मागच्या बाजूने सगळ्या रेघा आणि आकडे गिरवले होते. मधोमध एक चीर होती. तिने तो कागद माझ्या त्रिकोणावरून अलगद तबकडीवर बसवला. आम्ही सगळे वाकलो. सावली सरळ तीनवर पडली होती.

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "बरोबर आहे की हो!"

"पण मुळात ते असं का छापलं गेलं असेल?" बाईंनी विचारलं.

"मी साइट परत उघडली. आधी एक खिडकी येते. त्यात विचारतात, तुम्ही पृथ्वीच्या कोणत्या अर्ध्या भागात राहता? वरच्या की खालच्या? कारण एकीकडे सावली जशी फिरते त्याच्या उलट दुसरीकडे फिरते. आपण सांगितलं नाही तर ते त्यांच्या, म्हणजे खालच्या भागाचं घड्याळ देतात." ती जरा थांबली. "बाबाने ती बंद केली. मी नाही करत. मी सूचना वाचते. बाबाच लिहितो ना, वापरण्यापूर्वी संपूर्ण वाचा."

बायको चादरीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "घरात विज्ञान कोण शिकवतं?"

बायको वळून काही बोलायच्या आत मीच चिमटीकडे बोट दाखवलं. "ही."

"कुणाला?"

"मला," मी म्हणालो.

बाई हसल्या. पिशवी उचलत म्हणाल्या, "शाळेत पाठवायची गरज दिसत नाही." मग माझ्याकडे बघून त्यांनी जोडलं, "हिला तरी."

चिमटी उडी मारून माझ्या गळ्यात पडली आणि कानाशी लागून म्हणाली, "बाबा, पृथ्वीच्या बरोबर मधोमध राहणाऱ्यांनी कोणतं घड्याळ छापायचं?" मला उत्तर येत नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू!

घड्याळ अजून गच्चीवर आहे, चिमटीच्या कागदासह. सेक्रेटरी रोज त्यावरून मनगटी घड्याळ लावतात आणि इतरांना दाखवताना 'आमचं' म्हणतात.

पाहणीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या साइटवर गेलो, तर टपकन एक खिडकी उगवली. बोट सवयीने फुलीकडे निघालं.

"बाबा!" मागून आवाज आला.

मी हात मागे घेतला आणि वाचलं. 'आमच्या मोफत विज्ञान साहित्याचा आपल्या मुलांना उपयोग झाला का?' मी 'हो' दाबलं. खाली आणखी एक प्रश्न आला, 'कसा, ते थोडक्यात लिहा'. चिमटी माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली, आणि हे सगळं त्या एवढ्याशा चौकोनात कसं बसवायचं ते आम्ही दोघं ठरवू लागलो.